पान एकशे बारा

ओतीलियाबाईंचं दुकान पोर्तू शहरात, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत.
पायऱ्या अशा उभ्या की पुस्तकं विकायला आलेला माणूस
ओझं परत वर नेण्यापेक्षा
पडेल त्या भावाला देऊन मोकळा होतो.

मी चाळीस वर्षं जकात खात्यात शिक्के मारले.
आता दुसऱ्यांच्या सह्या गोळा करतो.
फक्त सेनापतींच्या आणि मंत्र्यांच्या;
आत्मचरित्र, पहिली आवृत्ती, सहीसकट,
आणि वापरलेली.
कोरी करकरीत प्रत मला नको.
मलपृष्ठावर कुणाच्या कपाचा गोल हवा,
आत एखादं ट्रामचं तिकीट,
नाहीतर पिळून वाळलेलं लिंबाचं पान.

एका मंत्र्यानं दुसऱ्याला दिलेली प्रत आहे माझ्याकडे:
‘जिवलग मित्रास. मनातलं सगळं इथे आहे.’
पानं अजून जोडलेलीच.
जिवलगानं सुरी लावली नाही,
म्हणजे पुस्तकाला.

एका अ‍ॅडमिरलनं तर इतक्या सह्या वाटल्या
की बिनसहीची प्रत मिळाली तर मी दुप्पट मोजीन.

सह्या वाचता येतात हळूहळू.
खुर्चीवर असतानाची सही म्हणजे एक फटकारा,
शेपूट कागदाबाहेर.
खुर्ची गेल्यावर अक्षरं सुटी सुटी होतात,
प्रत्येकावर टिंब, मात्रा, सगळं जागच्या जागी,
न जाणो, कुणी ओळखलंच नाही तर.

गुरुवारी बाईंनी गल्ल्याखालून एक काढलं.
ब्रिगेडियर तेलिश. गिनीची मोहीम.
निळी शाई, तारीख, अस्सल:
‘कॉर्पोरल क्राश्तू यास, नदीच्या आठवणीसाठी.’

आत समासात पेन्सिल.
शाळा लवकर सुटलेल्याचं अक्षर, दाबून काढलेलं.
पान एकतीस: घोडा नव्हता, खेचर होतं.
पान अठ्ठावन्न: गरम जेवण? कुणाला?
मग पन्नासेक पानं काहीच नाही.
मला वाटलं, कंटाळला.

पान एकशे बारा. ब्रिगेडियर लिहितात:
‘पहाटे आम्ही नदी ओलांडली. हानी नगण्य.’
नगण्यखाली रेघ. तिथं कागद फाटला आहे जरासा.
आणि बाजूला, वरून खाली,
वीर्जीलियू.
लादिश्लाऊ.
दोघे वेरीसिमू, थोरला आणि धाकटा.
फौश्तू, ज्याच्याकडे माझं घड्याळ होतं.
एकाचं नाव नाही, नुसतं ‘चिमणी’.
शेवटी काझिमीरू,
आणि त्याच्यापुढे:
याला पोहता येत होतं.

‘निघेल,’ बाई म्हणाल्या. ‘पेन्सिलच तर आहे.’
पावाचा गर त्यांनी तळव्यात मळायला घेतलाही,
जुनी युक्ती, कागद दुखावत नाही.
‘पुसून साठ युरो. असंच नेलंत तर पंचवीस.
बघा, तुमचं तुम्ही.’

जहाजाची यादी एका हातात, पेटी उघडी समोर,
यादीत काय आणि आत काय,
हेच ताडत माझी उमर गेली.
कप्तानाची सही किती झोकदार आहे
हे आम्हाला कुणी विचारत नसे.

पंचवीस मोजले. बाईंनी पावाची गोळी
दारातल्या समुद्रपक्ष्याला टाकली.
त्यानं ती हुंगून सोडून दिली.

रात्री पुस्तक पुन्हा पहिल्यापासून चाळलं,
क्राश्तूची सही कुठे सापडते का म्हणून.
सगळ्यांची नावं लिहिली, स्वतःचं नाही.
आतल्या कव्हरला चिकटलेली एक पावती मिळाली,
चपलांच्या दुरुस्तीची.

वहीत नोंद केली.
साल. प्रकाशक. सही: एक, निळी.
‘दोष’ असा शेवटचा रकाना असतो.
तिथं लिहितो मी नेहमी: कणा सैल, ओलीचे डाग, कसर.
बराच वेळ पेन तसंच धरून बसलो,
खाली शेवटची ट्राम वळताना चाकं किंचाळली.

मग लिहिलं:
पान एकशे बारा. छापील मजकूर, ओळ पाचवी.